लोड टाकल्याशिवाय

तिसऱ्यांदा मोटर जळाली तेव्हा दादा फोनवर फार बोललाच नाही. "काढलीय वर," एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ गप्प. बोअरची मोटर वर काढणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी काढलीय त्यांनाच ठाऊक. 200 फूट काळा पाईप, त्याच्या जोडीनं बांधलेला दोर, केबल, आणि टोकाला लटकणारं ते लोखंडी धूड. पाच-सहा माणसं पाईप खांद्यावर घेऊन रानात ओळीनं चालत जातात तेव्हा कुठं ते वर येतं. तळहात सोलून निघतात. चौदा महिन्यांत हे तिसऱ्यांदा.

पुरंदर तालुक्यात आमचं घर. अंजिराच्या बागेला पाणी विहिरीवरून जातं, तिथली थ्री फेजची मोटर वेगळी. ही बोअरची छोटी, दीड हॉर्सपॉवरची, सिंगल फेज. घराचं आणि गोठ्याचं सगळं पाणी तिच्यावर. मीटरच्या पेटीपासून बोअर 150 मीटर लांब, बांधाच्या कडेला. ती बंद पडली की आई आणि वहिनी हंडे घेऊन विहिरीची वाट धरतात. आईचं वय आता 68 आहे. विहिरीच्या वाटेवर एक चढ आहे, तो ती कमरेवर हात ठेवून चढते. मला त्या चढाचा राग येतो, मोटरीचा राग येतो, आणि नेमका कुणावर काढावा ते कळत नसल्यानं तो तसाच राहतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचले तेव्हा अंगणात ती मोटर आडवी पडलेली होती. जळालेल्या वायंडिंगचा, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांचा, वास ज्याला माहीत आहे तो कधी विसरत नाही. वार्निश, कागद, तांबं, सगळं एकत्र करपल्याचा घशात बसणारा वास. शेजारपाजारचे येऊन आपापलं मत देऊन गेले होते. कुणी म्हणे लाईटच खराब. कुणी म्हणे वायंडिंग करणाऱ्यानं हलकी तार भरली असणार. कुणी म्हणे बोअरमध्ये गाळ आहे, मोटर जाम होते. दादानं एक चांगलं केलं होतं. मल्टिमीटर आणून त्यानं बोअरपाशी व्होल्टेज मोजलं होतं. 226. एकदा नाही, तीन दिवस, तिन्ही वेळा. "व्होल्टेज फुल्ल आहे," तो म्हणाला, "म्हणजे मोटरच बोगस."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. नववीला धाराविद्युत, दहावीला विद्युतधारेचे परिणाम. 16 वर्षं झाली. विभवांतराला, म्हणजे व्होल्टेजला, धारेनं भागलं की रोध, म्हणजे तारेचा अडथळा, येतो, विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार केला की शक्ती येते, हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की खडू हातात धरला की हात आपोआप तिकडे जातो. तरी दादाचा तो 226 चा आकडा ऐकून मीही मान डोलावली. आकडा बरोबरच होता. तो कोणत्या परिस्थितीत घेतला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

खरं तर सुचायला हवं होतं, कारण एकदा हाच धडा मला वर्गात मिळालेला होता. नववीच्या एका मुलीनं गणित सोडवलं होतं: 230 व्होल्टवर चालणारा 100 वॅटचा बल्ब, तर धारा किती आणि रोध किती? 100 भागिले 230, म्हणजे साधारण 0.43 ॲम्पिअर. 230 भागिले 0.43, नीट काढलं तर 529 ओहम. उत्तर चोख होतं. प्रयोगशाळेत जुना तारेचा बल्ब होता, तिनं मल्टिमीटरची दोन टोकं त्याला लावली आणि माझ्याकडे आली. "बाई, हा 39 दाखवतोय."

मी मीटरचा सेल बदलायला सांगितला. सेल बदलून पुन्हा 39.

दोन्ही आकडे खरे होते. बल्बमधली तार टंगस्टनची. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, आणि पेटलेल्या बल्बची तार 2500 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. विझलेल्या, गार तारेचा रोध 39 आणि पेटलेल्या तारेचा 529. तेरापटीहून जास्त. म्हणूनच बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी त्या बल्बमधून 0.43 नव्हे, सहा ॲम्पिअरच्या घरात धारा धावते, आणि म्हणूनच जुने बल्ब बहुतेक वेळा लावतानाच फट्कन जायचे. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पुढे बोलावून वर्गाला सांगितलं की हिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. तिनं मोजलेला रोध झोपलेल्या बल्बचा होता, पुस्तकातला रोध कामावर असलेल्या बल्बचा.

एवढं सगळं त्या दिवशी वर्गात बोलले होते, आणि आमच्या अंगणात 226 ऐकून मान डोलावली.

संध्याकाळी तात्या आले. गावातले जुने वायरमन. दादाच्या जन्माआधी आमच्या घरात पहिला बल्ब त्यांनी लावला होता. आता डोळ्यांवर जाड चष्मा, पण पक्कड आणि टेस्टर अजून खिशात असतातच. मोटरीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दादाला विचारलं, "यव्हडा मीटर घेऊन मोजलं, तवा मोटर चालू हुती का बंद?"

"बंद. जळाली होती ना."

"मग काय मोजलं?" ते म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती. खरोखरच विचारत होते. "लोड टाकल्याबिगर तारेचं काय कळत न्हाय बघा. बिनलोडाची तार समद्यांलाच चांगली दिसती."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. फळ्यावरचं ते समीकरण पहिल्यांदाच मला रानात उभं राहिलेलं दिसलं. धारा शून्य असेल तर तारेत पडणारं व्होल्टेज रोध गुणिले शून्य, म्हणजे शून्य. तारेचा रोध 2 ओहम असो, 20 असो, मध्ये गंजलेली गाठ असो, मीटर दोन्ही टोकांना 226 च दाखवणार, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच धारा ओढत नाही. दादानं तीन दिवस जे मोजलं होतं ते पेटीतलं व्होल्टेज होतं, 150 मीटर लांब उभं राहून.

मोटर तर जळालेली. मग लोड कशाचा टाकायचा, म्हणजे धारा ओढायला तारेला काय जोडायचं?

"पानी तापवायचा रॉड हाय का घरात?" तात्यांनी विचारलं.

आईनं न्हाणीतून 1500 वॅटचा रॉड आणून दिला, वर बादली दिली, आणि पाणी वाया घालवायचं नाही अशी तंबी दिली. विहिरीवरून आणलेलं पाणी होतं ते. मोटरीऐवजी रॉड हा तात्यांनी साधं साधन म्हणून निवडला होता, पण मी जितका विचार करते तितकी ती निवड मला पटते. मोटरीच्या बाबतीत व्होल्ट आणि ॲम्पिअर यांचा हिशेब इतका सरळ नसतो. वेटोळ्यांमुळे धारा व्होल्टेजच्या मागे रेंगाळते, शिवाय फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते. म्हणून चालत्या मोटरीच्या व्होल्टला ॲम्पिअरनं भागून जे येतं तो तिच्या तारेचा रोध नसतो, आणि त्यांचा गुणाकार केला की जे येतं ते सगळं वॅटमध्ये मोजायचं नसतं. रॉड मात्र सरळ स्वभावाचा. आत नायक्रोमची तार. तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. व्होल्ट भागिले ॲम्पिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले ॲम्पिअर म्हणजे वॅट. पुस्तकातल्यासारखं.

दादा पेटीपाशी मीटर घेऊन थांबला, फोन चालू ठेवून. तात्या आणि मी बोअरपाशी. अंधार पडला होता, बॅटरीच्या उजेडात बादलीतलं पाणी काळं दिसत होतं. रॉड पाण्यात सोडून मग तात्यांनी बटण दाबलं. आधी पाणी, मग लाईट, हा क्रम त्यांनी मला दोनदा सांगितला. तारेभोवती टाँग टेस्टरचा, म्हणजे धारा मोजणाऱ्या चिमट्याचा, जबडा बंद केला. 5.8 ॲम्पिअर. मी रॉडच्या टोकांना मीटर लावून वाचलं, 205. फोनवर दादा म्हणाला, "इथं 222."

दुकानाच्या एका पावतीच्या पाठीवर मी गणित मांडलं. 222 वजा 205, 17 व्होल्ट. पेटीतून निघाले आणि बोअरपर्यंत पोचले नाहीत. 17 भागिले 5.8, म्हणजे 2.93 ओहम. जाणाऱ्या-येणाऱ्या तारेचा मिळून रोध. तारेची लांबी, गाठी, जाडी काहीही न बघता, फक्त दोन ठिकाणी एकाच वेळी घेतलेल्या दोन आकड्यांवरून आणि एका धारेवरून तो हाती आला. आता तो असायला किती हवा होता? तार 4 चौरस मिलिमीटर जाडीची, ॲल्युमिनियमची. 1 चौरस मिलिमीटर जाडीच्या 1 मीटर ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध साधारण 0.0282 ओहम. जाऊन-येऊन 300 मीटर. 0.0282 गुणिले 300 भागिले 4. उत्तर 2.1.

2.93 आणि 2.1. मधले 0.8 ओहम कुठे होते?

इथे थोडं थांबून त्या माणसाबद्दल लिहायलाच हवं ज्याचं नाव आपण रोधाच्या एककाला लावतो, कारण त्या रात्री मला त्याची फार आठवण झाली. गेऑर्ग सिमोन ओहम 1789 साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावी जन्मला. बाप कुलपं बनवणारा. शाळा न शिकलेल्या या बापानं स्वतः पुस्तकं वाचून गणित आत्मसात केलं आणि मुलांना घरीच शिकवलं. ओहम पुढे कलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागला. तो प्राध्यापक नव्हता, शाळामास्तर होता, आणि शाळेच्या उपकरणांवरच त्यानं प्रयोग केले.

त्याची पहिली अडचण आमच्या गावासारखीच होती: दाब, म्हणजे व्होल्टेज, स्थिर नव्हता. त्या काळचे रासायनिक सेल धारा काढायला लागलं की मलूल व्हायचे, मग तारेमुळे किती फरक पडला आणि सेलमुळे किती, हे वेगळं कसं करणार? पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवल्यावरून त्यानं सेल बाजूला ठेवला आणि बिस्मथ व तांबं यांचा जोड घेतला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन तापमानं पक्की, म्हणून दाबही पक्का. मग 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंतच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून मध्ये जोडल्या आणि टांगलेली चुंबकसुई किती वळते त्यावरून धारा मोजली.

1826 साली त्याला जे सूत्र सापडलं ते आपण शिकवतो तसं तीन अक्षरांचं नव्हतं. धारा म्हणजे अ भागिले (ब अधिक क्ष), असं त्याचं रूप होतं. क्ष म्हणजे तपासायला लावलेल्या तारेची लांबी. अ म्हणजे त्या तापलेल्या जोडाचा जोर. आणि ब? ब म्हणजे क्ष सोडून परिपथात, म्हणजे धारेच्या वाटेत, उरलेल्या सगळ्याचा अडथळा: जोड, टोकं, जोडणीच्या तारा. आपल्या पुस्तकात हा ब गळून जातो. आकृतीत बॅटरी, रोध आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा असतात, आणि त्या रेषांना रोध नसतो असं आम्ही पोरांना न सांगताच शिकवून टाकतो. पण आमच्या बांधावर नेमका तो ब च दुखत होता. रॉड क्ष, उरलेलं सगळं ब.

1827 साली ओहमनं हे सगळं गणितासह पुस्तकात मांडलं. जर्मनीत त्याचं थंडं स्वागत झालं. त्यानं कलोनची नोकरी सोडली, पुढची काही वर्षं हालाखीत काढली, 1833 मध्ये न्युरेंबर्गला जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं 1841 मध्ये त्याला कोपली पदक दिलं. म्युनिकला भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं तेव्हा 1852 साल उजाडलं होतं आणि त्याच्या हातात दोनच वर्षं उरली होती. 1881 साली पॅरिसच्या विद्युत परिषदेत ओहम हे एकक म्हणून मान्य झालं. एका शाळामास्तराचं नाव आज प्रत्येक मल्टिमीटरच्या चकतीवर घोड्याच्या नालासारख्या त्या ग्रीक अक्षरात बसलेलं आहे. वर्गात मी हे सांगते तेव्हा माझा आवाज दर वेळी थोडा बदलतो, मुलांनाही ते कळतं.

तर, 0.8 ओहम.

"तारंला तीन जोड हायत," तात्या म्हणाले. पहिला पेटीजवळ, दुसरा लिंबाखाली, तिसरा बांधाच्या वळणावर. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या फाळात तार अडकून तुटली होती. तेव्हा घाईघाईत, घरात पडलेला तांब्याच्या तारेचा दोन हात तुकडा मध्ये घालून, पीळ मारून, काळी टेप गुंडाळून ती जोडली होती. कुणी जोडली हे दादाला आणि मला दोघांनाही माहीत होतं. आम्ही दोघांनीच. मी बॅटरी धरली होती.

रॉड चालूच होता. तात्यांनी रबरी हातमोजे घातले, कोरड्या फळीवर उभे राहिले आणि पहिल्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटरची टोकं टेकवली. (चालू तारेवर हे काम त्यांच्यासारख्यानंच करायचं असतं, मला त्यांनी चार पावलं मागे उभं केलं होतं.) 0.1 व्होल्ट. लिंबाखालच्या जोडावर, तेवढंच. मग वळणावरचा जोड. टेप सोलायची गरजच पडली नाही. ती वितळून तारेला लागली होती, तिच्यातून हिरवट-पांढरी भुकटी बाहेर आली होती. तात्यांनी टोकं लावली. मीटरवर आकडा थोडा थरथरला आणि स्थिर झाला.

4.8.

बोटभर लांबीच्या एका गाठीवर 4.8 व्होल्ट. तारेचे बाकीचे 300 मीटर मिळून बारा खातात, आणि ही बोटभर गाठ एकटी पाच. 4.8 भागिले 5.8, म्हणजे 0.83 ओहम. हरवलेले सगळे ओहम तिथे सापडले.

तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांत पिळायचे नसतात हे वायरमनच्या धंद्यातलं साधं शहाणपण आहे, आम्हाला ते नव्हतं. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तो वीज नीट वाहू देत नाही. त्यात दोन वेगवेगळे धातू, वर पावसाचं पाणी. दोन धातू आणि ओल मिळाली की तिथे लहानसा सेलच तयार होतो आणि ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. रोध वाढतो, म्हणून गाठ तापते. तापून सैल होते, सैल झाली की रोध आणखी वाढतो. तात्या त्याला 'कार्बन धरलाय' म्हणतात. काळ्या झालेल्या कुठल्याही जोडाला गावात हाच शब्द आहे.

पावतीच्या पाठीवर अजून जागा होती. गाठीत किती वॅट जळतात? 4.8 गुणिले 5.8, साधारण 28 वॅट. हे रॉडवर. मोटर चालताना 10 ॲम्पिअर घेते. धारेचा वर्ग गुणिले रोध: 100 गुणिले 0.83, म्हणजे 83 वॅट. धारा दुप्पटही झाली नाही आणि उष्णता तिप्पट झाली. बल्बची उष्णता बल्बभर काचेतून बाहेर जाते. इथे ती टेपमध्ये गुंडाळलेल्या अंगठ्याएवढ्या गाठीत कोंडलेली. ती गाठ वाळलेल्या गवतात पडली होती. उन्हाळ्यात पेट घेतला असता तर गोठा तिथून 30 पावलांवर आहे. हा विचार मी दादासमोर मोठ्यानं बोलले नाही. त्यानंही केला असणार, कारण त्यानं मान वळवून गोठ्याकडे पाहिलं.

हा धारेच्या वर्गाचा नियम इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळ सॅलफर्डच्या एका बिअर बनवणाऱ्या घरातल्या मुलानं शोधला, जेम्स प्रेस्कॉट ज्यूलनं. त्याचा प्रयोग ऐकला की माझ्यासमोर आमची बादलीच येते. काचेच्या नळीवर तारेचं वेटोळं गुंडाळायचं, ते पाण्यात बुडवायचं, धारा सोडायची आणि पाणी किती अंशांनी तापलं ते थर्मामीटरनं बघायचं. 1841 साली त्यानं तो निष्कर्ष छापला, तेव्हा तो जेमतेम 22-23 वर्षांचा होता. आमच्या न्हाणीतला रॉड म्हणजे तोच प्रयोग, फक्त थर्मामीटरऐवजी आईचं बोट.

तो रॉड बोअरपाशी किती वॅटचा होता? 205 गुणिले 5.8, म्हणजे 1189. अंगावर 1500 छापलेलं, पण ते 230 व्होल्टला. त्याचा स्वतःचा रोध 35 ओहमच्या आसपास, तो कायम. दाब कमी झाला की धाराही त्याच प्रमाणात कमी होते, आणि दोन्ही उणीवा एकमेकींना गुणल्या जातात. व्होल्टेज 11 टक्के घटलं आणि शक्ती 20 टक्क्यांहून जास्त घटली. ज्या गावांत थंडीच्या सकाळी 180 व्होल्ट येतात तिथे हाच रॉड 920 वॅट देतो. पाणी तापायला इतका वेळ का लागतो म्हणून बायका रॉडला बोल लावतात, नवा आणतात, तोही तसाच निघतो.

मोटर मात्र रॉडसारखी वागत नाही, आणि तिच्या जळण्याचं कारण तिथेच आहे. रॉडला दाब कमी मिळाला तर तो मुकाट्यानं कमी धारा घेतो. मोटरीला 200 फुटांवरून पाणी चढवायचंच असतं. दाब कमी पडला की ती जास्त धारा ओढून ते काम पुरं करायला बघते. एखाद्या संध्याकाळी सगळ्या वाडीवर भार आला की आमच्या पेटीतच 190 होतात. मोटर 10 ऐवजी 12 ओढू लागते. 12 गुणिले 2.93, म्हणजे 35 व्होल्टच्या आसपास तारेत, आणि मोटरीच्या तोंडी 155 ते 160. आकडे मोटरीच्या बाबतीत थोडे इकडेतिकडे होतील, पण दिशा हीच. 10 चा वर्ग 100, 12 चा वर्ग 144. वायंडिंगमध्ये निघणारी उष्णता जवळजवळ दीडपट. आणि सुरू होतानाचा क्षण तर याहून वाईट. त्या वेळी मोटर चालत्या धारेच्या तीन-चारपट मागते. 30 ॲम्पिअर धरले तरी 80-90 व्होल्ट वाटेतच गळतात. उरलेल्या दाबावर जोर इतका कमी मिळतो की मोटर नुसती घूं करत बसते, फिरत नाही, आणि न फिरणारी मोटर तापत जाते. दादा म्हणाला, "हो, घूं करायची. मी दोन-तीनदा बटण मारायचो." तो हे सांगताना खाली बघत होता.

तात्यांनी पेटीतून लाईट बंद केली, तांब्याचा तो तुकडा कापून काढला आणि त्याच जातीची, त्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार घालून, टोकं पॉलिश कागदानं घासून, धातूच्या नळीत दाबून जोड केला. त्याला त्यांनी पाऊण तास घेतला. पीळ मारायला आम्हाला दोन वर्षांपूर्वी पाच मिनिटं लागली होती. काम चालू असताना ते एकदाच बोलले. "जोड म्हंजी तार न्हाय, पण तारंपरीस कमी बी नसाया पायजे."

पुन्हा रॉड, पुन्हा फोन. पेटीत 222. बोअरपाशी 210. धारा 5.9. मी पावती उलटीसुलटी केली, कोपऱ्यात जागा काढली. 12 भागिले 5.9. दोनाच्या जरा वर. 2.1 ला अगदी लागून.

त्या भागाकाराचा मला झालेला आनंद कसा सांगू? कागदावर काढलेली तार आणि बांधावरची तार एकच निघाली. 16 वर्षं मी मुलांकडून जी उत्तरं मागत होते ती आधीच छापलेली असायची, पुस्तकाच्या शेवटी. हे उत्तर कुणीच छापलेलं नव्हतं.

तात्यांना मी विचारलं की तुम्ही हा हिशेब डोक्यात करता का. ते म्हणाले, भागाकार त्यांना येत नाही. लोड टाकायचा, दोन्हीकडं बघायचं, कुठं पडतंय ते शोधत जायचं, एवढंच त्यांच्या वस्तादानं शिकवलं होतं. मी पावती त्यांना दाखवली, एकेक ओळ वाचून सांगितली. त्यांनी चष्मा वर करून ती लांब धरून पाहिली आणि विचारलं, "मंजी नवी तार किती जाडीची टाकायची ते बी निघंल का यातनं?"

निघतं. 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची टाकली तर 300 मीटरचा रोध 0.86 ओहम, 10 ॲम्पिअरला साडेआठ व्होल्ट, वाटेत 86 वॅट. आत्ताच्या दुरुस्त तारेत 210 वॅट जातात, बिघडलेल्या तारेत 293 जात होते. तात्यांनी मला तेच पुन्हा 10 चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमसाठी काढायला लावलं, कारण तांबं महाग. 0.85 ओहम निघाला. जवळजवळ तेवढाच. "मग ॲल्युमिनियमच," ते म्हणाले, आणि दादानं लगेच बाजारातला भाव विचारायला फोन हातात घेतला, रात्रीचे नऊ वाजलेत हे विसरून.

कापून काढलेली ती काळी गाठ मी शाळेत नेण्यासाठी रुमालात बांधली. तात्यांनी कापून हातात दिली तेव्हा ती अजून कोमट होती.

बादलीतलं पाणी मात्र चांगलं कढत झालं होतं. आई ते न्यायला स्वतः बांधावर आली, तात्यांपुढे साबणाची वडी धरली, आणि त्यांचे हात धुऊन झाल्यावर उरलेलं पाणी गोठ्याकडे घेऊन गेली, कारण म्हशीची कास धुवायची राहिली होती.